इंजिनाचं कपाळ

महानंदाअक्कांच्या काही सवयी मी पाहून ठेवल्या आहेत.

दुरुस्तीला आलेला स्पीकर त्या आधी टिचकी मारून बघतात, बाजारात मडकं घ्यावं तसा. काय झालंय, हे त्यानंतर विचारतात.

चष्म्यावर चष्मा लावतात. खालचा वयाचा, वरचा कामाचा.

एका यंत्राचे स्क्रू दुसऱ्या यंत्राच्या स्क्रूंत मिसळू देत नाहीत. त्यासाठी सोड्याच्या बाटल्यांची झाकणं जमवतात. प्रत्येक झाकण म्हणजे एक वॉर्ड.

गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतात, नवऱ्याशी कन्नडमध्ये भांडतात, आणि यंत्र ऐकेनासं झालं की त्याला दखनीत समजावतात. "क्या हुआ रे तेरेकू?"

सोल्डरिंग चालू असताना चहा पीत नाहीत. बडीशेप खातात.

कुणाच्या घरी जाऊन दुरुस्ती करत नाहीत. "रोग्यानं दवाखान्यात यावं," म्हणतात.

गप्प बसत नाहीत. ही सवय म्हणावी की स्वभाव, हे मला ठरवता आलेलं नाही.

भालकीत बसस्टँडपासून जरा आत गेलं की सिद्धेश्वरअण्णांचं मंडप आणि माइकसेट भाड्यानं देण्याचं दुकान आहे. सिद्धेश्वरअण्णा म्हणजे अक्कांचे यजमान. दुकानाच्या पुढच्या भागात खुर्च्यांच्या थप्प्या आणि झालरींचे गठ्ठे. मागे पत्र्याच्या आडोशाला एक लांब टेबल, त्यावर लटकणारा मोठा पिवळा दिवा. ते टेबल अक्कांचं. त्यांचे वडील बिदरला रेडिओ दुरुस्त करायचे. लेकीला ते शेजारी बसवून घ्यायचे, कारण ती घरात बसली की आईचं डोकं खायची. असं अक्काच सांगतात.

दुकानाच्या वरची खोली माझी. मी मराठी घेऊन एम.ए. झालो आणि इथल्या कॉलेजात तासिकेवर शिकवतो. संध्याकाळी खाली येऊन बसतो. अक्का माझ्या आईच्या वयाच्या आहेत. तरी याला मैत्रीच म्हणावं लागेल, कारण त्या मला कधी सल्ला देत नाहीत.

दसऱ्याच्या आधी तुळजाराममामा दुकानात आले. हातात शालीत गुंडाळलेली पेटी.

तुळजाराममामा ठाणाकुशनूरचे. घरात आधी मेंढरं होती, मग शेती आली. रेल्वेत लागलेले ते घरातले पहिले. कमलनगरकडच्या एका फाटकावर गेटमन म्हणून त्यांनी नोकरी काढली. फाटक बंद झालं, खालून रस्ता काढला, आणि मामा निवृत्त झाले. आता ते आणि बाणूबाईमामी भालकीच्या कडेला उसाला लागून घर बांधून राहतात.

त्यांनी पेटी उघडली. आत रेल्वेचं इंजिन होतं. वीतभर लांब. डिझेलचं, जुन्या पद्धतीचं, दोन्ही टोकांना पायऱ्या, पायऱ्यांना कठडे, कठड्याची दांडी सुईएवढी. मी ते बघतच राहिलो.

"रूपानं दिलंय," मामा म्हणाले.

रूपा त्यांची मुलगी. हैदराबादला नोकरी करते. तिच्या ऑफिसातल्या एका हौशी माणसाकडून तिनं हे इंजिन घेतलं होतं, रूळ आणि हातात धरायच्या कंट्रोलरसकट. वडील निवृत्त झाले तेव्हाची भेट. लाइनीवर विजेची इंजिनं आली, तेव्हा मामा तिला म्हणाले होते, "आता गाडी येतीय ती कळतच न्हाई. आधी डिझेल येयलंय म्हटलं की जमीन सांगायची." ते तिनं लक्षात ठेवलं.

हे इंजिन नुसतं चालत नव्हतं. खऱ्या डिझेलसारखं वाजत होतं. सुरू होताना खाकरायचं, मग घुमायचं, वेग घेताना दम टाकायचं. बटण दाबलं की हॉर्न द्यायचं. पण मामांनी आणलं तेव्हा त्याचा आवाज मधूनच जात होता.

अक्कांनी कवच काढलं. मधे मोटार. मोटारीवर नखाएवढे पुष्कळ भाग बसवलेली एक चिंचोळी पट्टी. खाली, जिथं डिझेलची टाकी असते तिथं, बटणाएवढा स्पीकर.

"आवाज कुठनं काढतंय हे?"

सोबतचं माहितीपत्रक इंग्रजीत होतं. मी वाचून सांगितलं. त्या पट्टीला डिकोडर म्हणतात. तिच्यात खऱ्या इंजिनाचे आवाज भरून ठेवलेले असतात. रुळांतून वीजही येते आणि त्याच रुळांतून हुकूमही येतो. हुकूम ओळखायचा आणि तो आवाज काढायचा, हे पट्टीचं काम.

"म्हणजे चाकं लावलेला टेपरेकॉर्डर," अक्का म्हणाल्या. त्यांचं समाधान झालं.

स्पीकरची एक तार सुटत आली होती. त्यांनी ती जोडली. इंजिन टेबलावरच्या हातभर रुळावर खाकरलं, घुमलं, हॉर्न दिला. समोर झालरी मोजणारे सिद्धेश्वरअण्णा दचकून बाजूला सरकले.

"नेताव का आत्ता?"

"आज नगं. सणाला गावाकडं जायलोय. आल्यावर नेतो."

इंजिन फळीवर राहिलं.

खंडेनवमीला अक्कांच्या दुकानात सगळ्यांची पूजा असते. टेम्पो, जनरेटर, अँप्लिफायर, माइक, सोल्डरिंग आयर्न, पक्कड. अक्का वाटीत विभूती कालवतात आणि तीन बोटांनी प्रत्येकाच्या कपाळावर ओढतात. कुणाला विसरत नाहीत. फळीवरच्या इंजिनापाशी त्या थांबल्या.

"ते दुसऱ्याचं आहे," अण्णा म्हणाले.

"आज ह्या छताखाली हाय की न्हाई? सगळ्यांना जेवू घालून ह्याला उपाशी ठिवू व्हय?"

मग प्रश्न आला कपाळाचा. टेम्पोचं कपाळ कळतं. माइकचंही कळतं. पण हे इंजिन दोन्हीकडे चालतं.

"ड्रायव्हर बसतो तिकडं तोंड," अण्णा म्हणाले.

"लांब नाक आहे तिकडं असेल," मी म्हणालो.

"दोन शहाण्यांनी दोन तोंडं दाखवली," अक्का म्हणाल्या. "मी कुणाचंच ऐकत न्हाई." आणि त्यांनी छपराच्या मधोमध तीन पट्टे ओढले. चांगले जाड. पाहुणा म्हणून.

मामा गावाहून आले त्या सकाळी अक्कांनी ओल्या फडक्यानं इंजिन लख्ख पुसलं. गिऱ्हाइकाची वस्तू कोरी करून द्यायची, ही त्यांची रीत. मामांनी ते शालीत गुंडाळून नेलं.

थोड्याच दिवसांत मामा परत आले. बरोबर बाणूबाईमामी होत्या. बाजाराचा दिवस होता, पिशवीतून मेथी डोकावत होती.

"अक्का, वाजंना झालंय."

"काय म्हणतंय?"

"सकाळी लावलं की खरखरतंय. हॉर्न निम्मा येतोय, निम्मा पोटात ऱ्हातोय. मग मुकंच हुतंय."

अक्कांनी रुळावर ठेवलं. इंजिन खाकरलं, घुमलं. हॉर्न असा दिला की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला.

"हे बघा. ठणठणीत हाय."

मामा घरी गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. सकाळी पुन्हा मुकं. दुकानात आणलं की पुन्हा ठणठणीत.

मामांचा चेहरा उतरला होता. मामींनीच कारण सांगितलं.

"लेक दर आयतवारी फोन करतीय. म्हणतीय, अप्पा, गाडी वाजवा. हे फोन गाडीपाशी धरायचे आन् हॉर्न द्यायचे. ती तिकडं हसायची. आता हे सांगायलेत, लाइट गेलीय."

"मग काय सांगू?" मामा म्हणाले.

"भालकीत लाइट फक्त आयतवारीच जातीय व्हय? तेबी सकाळच्या पारी?"

मामा अगदी हळू म्हणाले, "लई हौसेनं घेतलंय पोरीनं. बिघडलं म्हणून कसं सांगू. दिवाळीला येणारंय ती. तवर तेवढं बघा."

अक्कांनी वरचा चष्मा चढवला.

त्यांनी आधी चाकं पुसली, स्पिरिटनं, एकेक करून. विजेचा हुकूम चाकांतून वर जातो. चाक मळलं की हुकूम अडतो, असं माहितीपत्रकात होतं आणि अक्कांनाही ते पटलं. "टेपचं हेड पुसल्यावानी," त्या म्हणाल्या. चाकं चकचकीत झाली. दुसऱ्या सकाळी इंजिन घरी मुकं.

मग त्यांनी स्पीकर सोडवला. त्याच्या दोन टोकांना पेन्सिलसेल टेकवला. टक्. पुन्हा टेकवला. टक्. "जीभ चांगली हाय," म्हणाल्या. तरी खात्रीला दुसरा स्पीकर लावून दिला. दुसऱ्या सकाळी तोही मुका.

मग पाळी आली पट्टीच्या स्मरणाची. डिकोडरला प्रत्येक गोष्टीसाठी एक नंबर असतो. हॉर्न किती मोठा, इंजिन किती घुमावं, सगळं त्या नंबरांत. मी पत्रक वाचायचो, अक्का कंट्रोलरची बटणं दाबायच्या. शेवटी त्यांनी सगळेच नंबर कारखान्यातून आले तसे करून टाकले.

"सगळं इसरून नव्यानं शीक, बाबा," त्या पट्टीला म्हणाल्या. "सब भूल जा."

पट्टी विसरली. सकाळचं मुकेपण तेवढं विसरली नाही.

अक्कांनी पट्टी इंजिनातून काढून नुसती टेबलावर मांडली. दिव्याखाली. तारा जोडल्या. दिवसभर वाजवली. एकदाही चुकली नाही. संध्याकाळपर्यंत दुकानातल्या सगळ्यांना डिझेल इंजिनाचा कंटाळा आला. अण्णा कन्नडमध्ये काहीतरी बोलले. अक्कांनी त्याला कन्नडमध्येच दुप्पट उत्तर दिलं.

दिवाळी जवळ येत होती. मंडपाच्या ऑर्डरी सुरू झाल्या होत्या. अक्कांनी हात झटकले.

"पट्टी जायलीय, अण्णा," त्या मामांना म्हणाल्या. "आतून थकलीय. नवी मागवा."

"कुठनं?"

"रूपानं घेतलं तिथनंच."

मामांनी इंजिन उचललं. शाल नीट केली. "रूपालाच मागायचं म्हणजे..." एवढंच म्हणाले. पायरीवरून उतरताना त्यांनी पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

अक्का बडीशेप चघळत त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "रवी, माझी एक मावशी होती. हुमनाबादला. तिला रोज घरी ताप यायचा आन् दवाखान्यात नेलं की उतरायचा. डॉक्टर म्हणायचा, ढोंग करायलीय."

"मग?"

"ढोंग न्हवतं. तिची खोली न्हाणीला लागून होती. भिंतीला ओल." त्यांनी चघळणं थांबवलं. "उद्या सकाळी जाऊ."

"कुठं?"

"मामांच्या घरी."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच ती कुणाच्या घरी दुरुस्तीला निघाली, असं ते नंतर मला म्हणाले.

सकाळी आम्ही स्कूटीवरून गेलो. उसावर दव होतं. पत्र्याच्या कडेवरून थेंब पडत होते. मामांनी पडवीत फळ्या मांडून त्यावर रूळ ठोकले होते, लांबट गोल. मधे एक छोटं फाटक. ते त्यांनी स्वतः केलं होतं, आइसक्रीमच्या काड्यांचं. लाल-पांढरं रंगवलेलं. गाडी आली की मामा ते बोटानं खाली करायचे आणि गेली की वर. मी विचारलं, आपोआप होईल असं करता येत नाही का? ते म्हणाले, "मग मी काय करू?"

मामींनी चहा ठेवला. अक्का म्हणाल्या, आधी रोगी.

मामांनी इंजिन लावलं. ते खाकरलं आणि लगेच खरखरलं. हॉर्न निम्मा आला. मग सगळं बंद. जरा वेळानं आपणच सुरू झालं, पुन्हा खाकरलं, पुन्हा गेलं. आजारी माणसाला बघावं तसं आम्ही सगळे वाकून बघत होतो.

अक्कांनी पदर खोचला. मांडीवर टॉवेल पसरला. स्क्रूंसाठी झाकण घरूनच आणलं होतं. कवच काढलं आणि पट्टी उजेडाकडे धरली.

"चाकं माझी चकाचक हाईत. स्पीकर नवा हाय. तारा मी वढून बघितल्यात. आता राहिलं काय, तर..."

तिथं त्यांचं बोलणं थांबलं.

पट्टीच्या मधोमध, दोन नाजूक भागांच्या फटीत, काहीतरी पांढरट चिकटलं होतं. अक्कांनी त्यावर नख फिरवलं. बोटाला आलेलं चोळून बघितलं. ओलसर होतं. नाकाशी नेलं. मग कवच उलटं करून धरलं. छपराच्या मधोमध पंख्याची जाळी होती, खरीखुरी, आरपार भोकं असलेली. भोकांच्या आतल्या बाजूला पांढरे ओघळ सुकले होते. जाड होते.

अक्का जाळीतून आमच्याकडे बघत होत्या.

"काय हाय?" मामींनी विचारलं.

"माझ्या घरची विभूती हाय," अक्का म्हणाल्या.

मग त्या हसू लागल्या. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दोन्ही चष्मे काढावे लागले.

त्यांनी सगळं सांगितलं. खंडेनवमी, दोन तोंडांचं इंजिन, दोन शहाणे, आणि छपरावरचे तीन पट्टे. सुकलेले पट्टे तसेच राहू दिले असते तर वरच राहिले असते. पण नेण्याच्या दिवशी त्यांनी ओलं फडकं फिरवलं आणि होतं तेवढं जाळीतून खाली उतरवलं, नेमकं पट्टीवर.

"राख कोरडी असली की वीज जात न्हाई. दवानं भिजली की ह्या भागाच्या पायातनं त्या भागाच्या पायात विजेची गळती. पट्टी शहाणी, जळून जाण्यापरीस गप्प बसती. ऊन आलं की राख कोरडी, पट्टी बरी. माझ्या टेबलावर तर डोक्यावर येवढा दिवा, कोरडी राख मला धूळच वाटली. मी दिव्याखाली शेकत ठेवून इचारायची, बरं हाय का बाबा? ते म्हणायचं, बरं हाय."

"आन् तुम्ही म्हनलाव पट्टी थकली," मामी म्हणाल्या.

"म्हनले की. तिच्या जागी मी असते तर मीबी थकले असते."

मला तोवर वाटत होतं की दोष सापडला म्हणजे माणूस गंभीर होतो. निदान तो स्वतःचा असेल तर. अक्का नव्या साडीला हात लावावा तशा त्या पट्टीला हात लावत होत्या.

मामींनी जुना दात घासायचा ब्रश आणून दिला. अक्कांनी तो कढत पाण्यानं धुतला, वाळवला, स्पिरिटमध्ये बुडवला. फटीफटीतून राख काढली. निघालेली राख कागदावर जमली. चिमूटभर. मामांनी कागद उचलला आणि बाहेर टाकायला निघाले.

"ओ अण्णा, इभूती हाय ती. कुठं टाकायलाव?"

मामा जागच्या जागी थांबले. अक्कांनी कागद घेतला, स्पिरिट उडू दिलं, आणि ती राख स्वतःच्या कपाळावर लावली. मामींनी मान पुढे केली. "मला बी." मामांच्या कपाळावर सकाळचा भंडारा होता, पिवळाधमक. त्याच्या वर अक्कांनी एक पांढरा पट्टा ओढला. मग माझ्या.

पट्टी जागेवर बसली. जाळीच्या आतून अक्कांनी पातळ टेप लावून भोकं बंद केली. पत्र्यावरून थेंब पडतच होते. इंजिन खाकरलं, घुमलं, गोलाला एक फेरा मारला. मामांनी फाटक पाडलं. हॉर्न पूर्ण वाजला. लांब, मग आणखी लांब. पडवी भरून गेली.

मामांनी फाटक उचललं नाही. गाडी दुसऱ्यांदा आली तरी ते पडलेलंच होतं.

निघताना ते अक्कांना म्हणाले, "हे रूपाला सांगू नगा."

"कामून? चूक माझी हाय."

"चूक कुणाची का असंना. तिला वाटंल, अप्पाला सांभाळायला येत न्हाई. परत काई आणायची न्हाई पोरगी."

अक्कांनी मान हलवली. "न्हाई सांगत."

परतीच्या वाटेवर त्या स्कूटीवर मागे बसून मला मावशीची उरलेली गोष्ट सांगत होत्या. मी विचार करत होतो की हे गुपित ठेवणं त्यांना कसं जमणार.

पाडव्याला मामांनी आम्हाला फराळाला बोलावलं. रूपा आली होती. रूपाला अक्का नव्या नव्हत्या. तिच्या शाळेच्या गॅदरिंगला माइक यांचाच असायचा, आणि माइक नीट धर म्हणून ओरडाही यांचाच.

रूपानं आल्याआल्या गाडी बघितली होती. आमच्यासमोर पुन्हा लावली. इंजिन घुमलं. हॉर्न वाजला. ती वडिलांकडे बघून हसली. मामा फाटकाकडे बघत होते. अण्णा म्हणाले, छान. मी म्हणालो, छान.

अक्का चिवडा खात होत्या.

रूपानं हैदराबादच्या दिवाळीचं सांगितलं. अक्कांनी मान हलवली. मामींनी चकल्या बिघडल्याचं सांगितलं. अक्का म्हणाल्या, "चांगल्या झाल्यात." आणि पुन्हा चिवडा. बशी संपली तेव्हा त्या रिकाम्या बशीकडे बघत बसल्या.

रूपा जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली.

"अक्का, तब्येत बरी हाय ना?"

"हौ."

"मग बोलंना झालाव कामून?"

"कुठं? बोलायलेय की."

"काय बोललाव? चांगल्या झाल्यात. येवढंच." रूपानं कंट्रोलर खाली ठेवला. "काय झालंय ह्या घरात?"

मामींनी पदर तोंडाला लावला. अण्णा छताकडे बघू लागले. अक्कांनी ओठ असे मिटले होते की मला त्यांची दया आली.

मामाच उभे राहिले. हात बाजूला, सरळ. वरच्या साहेबाला फाटकावरचा प्रकार सांगावा तसं त्यांनी सांगितलं. आवाज कधी गेला. किती वेळा दुकानात नेलं. विभूती कशी निघाली. आयतवारी लाइट कधीच गेली नव्हती. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाले, "अक्काची चूक न्हाई. मीच सांगू नगा म्हनलो."

रूपानं इंजिन हातात घेतलं, छपराची जाळी बघितली.

"मी दर आयतवारी फोन धरून बसायची," ती म्हणाली. "तुम्ही म्हणायचाव, लाइट न्हाई, आन् पटकन ठिवून द्यायचाव. मला वाटलं तुम्हाला नको झालंय ते. गावातले हसले आसतील, म्हाताऱ्याला खेळणं दिलंय म्हणून. मी इकडं येताना ठरवून आले हुते. अप्पाला नको आसलं तर परत घिऊन जायचं."

"परत?" मामा म्हणाले.

"मला काय ठाव?"

"खेळणं कोण म्हनलं त्याला?" मामांनी तिच्या हातून इंजिन घेतलं, रुळावर ठेवलं, चाकं नीट बसली का ते वाकून बघितलं. "नेतीय म्हणं परत."

"मग खरं सांगायचं की."

"सांगितलं की आता."

मामी म्हणाल्या, "लाइट आली म्हणा." आणि त्या आत करंज्या आणायला गेल्या.

तेवढ्यात अक्कांचं तोंड सुटलं. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मामांनी सांगितलं त्यात त्यांना पुष्कळ चुका दिसल्या होत्या. विभूती जाळीतून कशी गेली हे त्यांनी रूपाला करंजीवर दाखवलं. कपाळाचा वाद पुन्हा निघाला. अण्णा अजून ड्रायव्हरच्या बाजूनं होते.

"तुम्हीच सांगा," अक्का मामांना म्हणाल्या. "तुमचं आयुष्य गेलंय त्यात. ह्याचं तोंड कुठलं?"

मामांनी विचार केला. "माझ्या गेटवर ते दोन्हीकडनं यायचं," ते म्हणाले. "मला जे दिसायचं ते तोंड."

अण्णांनी हार मानली नाही, पण एक करंजी उचलली.

रूपानं गाडी सोडली. मामांनी फाटक पाडलं. गाडी फाटकापाशी येऊन थांबली. पूर्ण थांबली. मग जरा वेळानं ब्रेकचा आवाज आला, लोखंडाला लोखंड घासल्याचा, लांबलचक.

सगळ्यांनी इंजिनाकडे बघितलं.

"हे आधी आसं न्हवतं," रूपा म्हणाली. "थांबायच्या आधी वाजायचं."

अक्कांनी कपाळाला हात लावला. "सगळं इसर म्हनले हुते ना त्याला. ब्रेक कवा लावायचा तेबी इसरलं." त्यांनी कंट्रोलर मागून घेतला. वरचा चष्मा चढवला. "रवी, ब्रेकचा नंबर कुठला?"

मी पत्रक काढून नंबर सांगितला. त्यांनी बटणं दाबली. गाडी फिरली, थांबली. आवाज आणखी उशिरा आला. त्यांनी नंबर बदलला. गाडी फिरली. आता आवाज आधीच आला आणि गाडी मात्र पुढे निघून गेली. मामी म्हणाल्या, आमचे हे भांडण झाल्यावर असंच करतात, तोंडानं थांबतात आन् पायानं चालतात. हसण्यात तो नंबर राहिला. अक्कांनी पुन्हा पहिला टाकला. तेवढ्यात त्यांना बिदरच्या वडिलांच्या दुकानातला एक ग्रामोफोन आठवला, तो गाणं संपल्यावर खाकरायचा. त्याचं सांगायला त्यांनी कंट्रोलर बाजूला ठेवला. तो मामांनी उचलला.

ग्रामोफोनची गोष्ट लांबली. ऊन पडवीत आलं. उसावरचं दव केव्हाच गेलं होतं.

रूपा हैदराबादला गेली त्याला आता बरेच दिवस झाले. रविवारी फोन येतो, हॉर्न वाजतो. मी अक्कांना ब्रेकचं विचारलं. त्या जनरेटरच्या पोटात हात घालून बसल्या होत्या.

"तेवढा एक नंबर ऱ्हायलाय," म्हणाल्या. "जाऊ एकदा सकाळचं."

मामांच्या पडवीत गाडी अजूनही आधी थांबते. मग ब्रेक वाजतो. मामा तोवर फाटक उचलत नाहीत.